दुसऱ्या टोकाचा हजारे

डिसेंबर 1943 मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर विजय हजाऱ्यांनी एका डावात 309 धावा काढल्या, हे क्रिकेटचं थोडंफार वेड असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्याच डावात त्यांचा भाऊ विवेक याने 21 काढल्या. दोघांची भागी 300 धावांची. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तरुणांपुढे बोलायला उभा राहिलेला पाहुणा हमखास 309 वर बोलतो. 21 वर बोललेला मी अजून ऐकलेला नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी तो सामना कुठला ते सांगायला हवं. मुंबईचे पंचरंगी सामने. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे चार संघ आधीपासून होते. 1937 साली पाचवा आला, त्याचं नाव 'रेस्ट'. चार चौकटींपैकी कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्यांची ती मोट: देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि असेच कुणी कुणी. बाकीच्या संघांसाठी त्या त्या समाजातली माणसं गर्दी करून यायची. या संघातल्या खेळाडूंची प्रार्थनास्थळं वेगळी, घरात बोलायच्या भाषा वेगळ्या. 1940 साली गांधीजींनी धर्माधर्माच्या या सामन्यांना उघड विरोध केला, आणि माझं मतही त्यांच्याच बाजूचं आहे. 1945-46 च्या हंगामानंतर हे सामने बंद पडले ते बरंच झालं. पण त्या चुकीच्या मांडवातही या उरलेल्यांच्या संघात काहीतरी ओळखीचं दिसतं. आमची रविवारची मंडळी तरी वेगळी कुठे आहे? एक जण नगरकडचा, एक झाबुआचा, एक केरळहून बदलीवर आलेला, आणि पेटी वाजवणाऱ्याचं तबलेवाल्याशी पटत नाही.

आता धावफलक. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. मर्चंटांच्या या खेळीने याच स्पर्धेत, याच हंगामात मुसलमान संघाविरुद्ध हजाऱ्यांनी केलेल्या 248 चा विक्रम मोडला होता. रेस्टचा पहिला डाव 133 मध्ये आटोपला. फॉलोऑन. पहिले पाच गडी स्वस्तात गेल्यावर विवेक खेळायला आला आणि सहाव्या गड्यासाठी दोघा भावांनी 300 जोडल्या. सगळा डाव 387 चा. म्हणजे बाकीच्या पाच गड्यांचं आधीचं आणि चौघांचं नंतरचं मिळून जे काही झालं ते 87. आणि निकाल? हिंदू एक डाव 61 धावांनी विजयी.

इथे आमच्या वक्त्यांची गोची होते. त्यांना 'हिंमत सोडू नका, देव यश देईल' असं सांगायचं असतं आणि सामना तर हरलेला! मग निकाल गाळून गोष्ट सांगितली जाते. मी अशा सभांच्या व्यवस्थेत बरीच वर्षं आहे. पाहुण्याला स्टेशनवरून आणायचं, चहा द्यायचा, माईक चालतो का ते बघायचं. त्यामुळे भाषणाआधीची कुजबुज कानावर पडते. एका पाहुण्यांनी जाता जाता विचारलं होतं, "शेवटी जिंकले ना ते?" मी म्हटलं, "नाही हो, डावाने हरले." त्यांनी क्षणभर विचार केला आणि व्यासपीठावर चढून धावण्याच्या शर्यतीवर बोलले.

शर्यत सोयीची असते. संत पौलानेच ती वापरलीय. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात धावणारे आहेत, मुष्टियोद्धा आहे, कोमेजणारा मुगुट आहे. करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, तेव्हा हे दाखले तिथल्या माणसांना समजावून सांगायची गरज नव्हती. पण एक गंमत कुणी फारशी सांगत नाही. पौलाचे हे सगळे खेळाडू एकेकटे आहेत. सांघिक खेळाचा दाखला त्याने दिलाच नाही. एकमेकांवाचून चालत नाही हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याच पत्रात, तीनच अध्याय पुढे, तो खेळ सोडून शरीराकडे वळला: डोळा, हात, पाय, आणि ज्या अवयवांकडे कुणी बघत नाही ते. आमच्याकडे शर्यतीचा अध्याय तरुणांच्या सभेत वाचतात आणि शरीराचा अध्याय मंडळीत भांडण झालं की. दोन्ही एकाच सभेत वाचले तर क्रिकेटवर बोलायला कदाचित सोपं जाईल.

विवेकने नेमकं काय केलं, ते क्रिकेट खेळलेल्या माणसाने डोळे मिटून बघावं. समोरच्याची बॅट तळपतेय, त्याच्या नावावर शंभर, दोनशे, तीनशे लागताहेत. तुमचं काम षटकातले उरलेले चेंडू खेळून काढायचं आणि एकेरी धाव घेऊन त्याला परत समोर आणायचं. त्याने हाक दिली की पळायचं, नको म्हटलं की अर्ध्यातून मागे फिरायचं. आणि भावाने पळून काढलेली प्रत्येक धाव विवेकही पळालेला असतो, त्याच बावीस यार्डांत, तेवढ्याच उन्हात. स्कोअरबुकात मात्र ते पळणं कुठेच उमटत नाही. तिथे 21. ख्रिस्ती जगणं म्हणजे काय, असं कुणी मला चहाच्या टपरीवर विचारलं तर मी बुवा याच 21 कडे बोट दाखवीन. वहीत आपल्या नावापुढे न लागणारी धाव मनापासून पळणं, आणि तंबूत परतल्यावर त्याचं गाऱ्हाणं न करणं.

हजारे आमच्या इकडचे, असं देवासची माणसं हक्काने सांगतात. जन्म सांगलीचा, 11 मार्च 1915, शिक्षकाच्या घरातला, आठ भावंडांतला. पण तिशीच्या दशकात ते रणजीत मध्य भारताकडून खेळले आणि देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांच्या पदरी राहिले. देवासचं एक नवल म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्या थोरल्या पातीच्या दरबारी ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921 साली चिटणीस होता आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून जगाला देवास थोडंफार माहीत. मराठी राजाच्या पदरी मराठी ख्रिस्ती फलंदाज ही गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. ऑस्ट्रेलियाचा फिरकीवाला क्लॅरी ग्रिमेट याचे धडे हजाऱ्यांना मिळाले तेही याच काळात. पुढे ते बडोद्याला गेले आणि तिथलेच झाले. 18 डिसेंबर 2004 ला तिथेच वारले.

बडोद्याचा एक सामना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्च 1947, रणजीचा अंतिम सामना, समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. चौथ्या गड्यासाठी गुल महंमद आणि हजारे यांनी 577 धावा जोडल्या. गुल महंमद 319, हजारे 288. हा विक्रम जवळजवळ साठ वर्षं टिकला. 2006 साली संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला. लाहोरचा मुसलमान आणि सांगलीचा ख्रिस्ती, गायकवाडांच्या संघातून, फाळणीला पाच महिने उरले असताना. पंचरंगीत हे दोघे एकमेकांविरुद्धच्या संघांत बसले असते. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि त्या देशाकडूनही कसोटी खेळले. या भागीत दुसऱ्या टोकाला कोण होतं? हजारेच. 309 वाला माणूस इथे थोडा मागे राहून दुसऱ्याला खेळवत होता.

हजाऱ्यांच्या मोठ्या खेळी बऱ्याचदा हरलेल्या सामन्यांतल्या आहेत. जानेवारी 1948, ॲडलेड, ब्रॅडमनच्या संघापुढे एकाच कसोटीत 116 आणि 145; भारत डावाने हरला. जून 1952, लीड्स. फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळतोय, दुसऱ्या डावात भारताच्या शून्य धावा आणि चार बाद. फलकावरची ती भोपळ्यांची रांग बघत कर्णधार हजारे आत आले आणि 56 काढून गेले. फडकरांनी 64 काढल्या. हरलेच. यशाचा प्रसाद वाटणाऱ्या प्रवचनकारांना हा माणूस तसा अडचणीचाच. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला डावाने हरवून भारताने आपली पहिली कसोटी जिंकली, तेव्हाही कर्णधार हजारेच होते, आणि त्या विजयात बोलबाला विनू मंकडच्या बारा बळींचा झाला. तसाच व्हायला हवा होता.

त्या 1952 च्या दौऱ्यात ओव्हलवर डेव्हिड शेपर्डने भारताविरुद्ध 119 काढल्या. हा पुढे पाळक झाला, लिव्हरपूलचा बिशप झाला. 1960 साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध खेळायला त्याने नकार दिला. पण ड्रेसिंग रूममध्ये त्याची आठवण काढतात ती सुटलेल्या झेलांवरून. 1962-63 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाळकबुवांच्या हातून एकामागून एक झेल सुटत होते. तेव्हा ट्रूमन वैतागून म्हणाला म्हणे, की आज रविवार आहे असं समजा आणि जरा हात जोडलेले ठेवा. खरंखोटं ट्रूमन जाणे, पण नकाराची गोष्ट आणि झेलांची गोष्ट मी मुलांना एका दमात सांगतो. पवित्र माणूस झेल सोडतो हे मुलांना ऐकायला फार आवडतं.

खेळ आणि धर्म यांचं लग्न लावायचा उद्योग अमेरिकेतल्या वायएमसीएने सगळ्यात चिकाटीने केला. बास्केटबॉल 1891 साली जेम्स नेस्मिथने स्प्रिंगफील्डला शोधला. तो धर्मशास्त्र शिकलेला होता आणि पीचच्या टोपल्या टांगून खेळ बसवत होता. व्हॉलीबॉल 1895 चा, तोही वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गनचा. 1920 साली हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथे तयार झालेले शिक्षक हे खेळ घेऊन देशभर गेले. आज संध्याकाळी माळव्यातल्या कुठल्याही गावाच्या शाळेमागे जाळी बांधून पोरं व्हॉलीबॉल खेळताना दिसतात. हा खेळ मिशनऱ्यांच्या जिमखान्यातून आला हे त्यांच्या गावीही नसतं, आणि नसलं तरी काही बिघडत नाही.

आमचे तरुणांचे सामने देवास जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, नेमावरला होतात. नर्मदेचा उत्तर काठ, समोर हंडिया, वर सिद्धनाथाचं जुनं देऊळ. संस्थानी काळात हा मुलूख होळकरांचा. इथे ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. खातेगाव, कन्नौद, पलीकडून हरदा असं गोळा करूनही अकरा होत नाहीत. मग शेजारची पोरं घ्यावी लागतात, आणि संघ पुन्हा 'रेस्ट' होऊन बसतो. सामन्याआधी प्रार्थना करायची की नाही, यावर आमच्या कमिटीत वर्षानुवर्षं खल झाला. शेवटी तोडगा असा निघाला की ज्यांना करायची त्यांनी टेम्पोतून उतरण्यापूर्वी करावी, आणि मैदानात आलं की सगळ्यांनी मिळून खेळपट्टीवरचे खडे वेचावेत. खडे वेचताना जी ओळख होते ती आमच्या कुठल्याच ओळख-सत्रात झालेली मी पाहिली नाही.

खरी कटकट स्कोअररची. बॅट सगळ्यांना हवी, चेंडू निम्म्यांना हवा, वही कुणालाच नको. वही धरायला बसवलेला मुलगा तोंड पाडून बसतो, चार षटकांनी पेन्सिल दुसऱ्याच्या हातात कोंबून पळतो. एकदा अशीच वही हातोहात फिरली आणि शेवटी बेरीज सात धावांनी जुळेना; दोन्ही संघ आपणच जिंकलो म्हणून घरी गेले. त्यानंतर वही माझ्याकडे आली. रिकाम्या वेळी मी फलंदाजाच्या नावापुढे आणखी एक उभा रकाना आखला: जोडीदाराच्या पळालेल्या धावा. चौकार-षटकार सोडून समोरच्याने पळून काढलेली प्रत्येक धाव इथे दुसऱ्याच्या खात्यावर. पहिल्या सामन्यात सात नंबरवर आलेला एक पोरगा स्वतःच्या दोन धावा करून बाद झाला आणि या रकान्यात त्याच्या नावावर एकोणीस निघाल्या. सामन्यानंतर त्याने वही मागून घेतली, बोट ठेवून आकडा वाचला आणि आपल्या वडिलांना बोलावून दाखवला.

पाळकसाहेबांना कल्पना आवडली, पण त्यांची एक शंका होती. न दिसणारी सेवा वहीत मांडली की ती न दिसणारी राहिली कुठे? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, या शिकवणीचं मग काय करायचं? मी त्यांना म्हटलं, "साहेब, तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण हे तेरा वर्षांचे आहेत." ते हसले आणि रकाना राहिला.

गेल्या खेपेला त्याच रकान्यावरून जुंपली. दुसऱ्या धावेला वळताना आपण क्रीजमध्ये बॅट टेकवली होती, तेव्हा ती धाव आपल्या रकान्यात धरलीच पाहिजे, असं एकाचं म्हणणं. अंपायर म्हणे टेकवलीच नव्हती, एक धाव अपुरी. फलंदाजाला त्या धावेचं सोयरसुतक नव्हतं, त्याचे चाळीस झाले होते. हुज्जत घालत होता तो दुसऱ्या टोकाचा.