रोजच्या जगण्यात वाढणारा विश्वास : कोर्लई, नवगाव आणि लक्ष्मीबाईंचं स्वयंपाकघर

आजचा विषय ऐकल्यावर काहींना वाटलं असेल की आता तासभर प्रवचन ऐकावं लागणार. तसं काही नाही. ख्रिस्ती विश्वास रोजच्या जगण्यात कसा वाढतो, हा प्रश्न आपण आपल्याच किनाऱ्यावर उभं राहून बघणार आहोत. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीजवळ. नंतर थोडं नगरकडे जाऊ. तिकडे का जायचं ते ओघात येईलच.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत आपण एरवी ‘श्रद्धा’ म्हणतो, ख्रिस्ती मंडळी मात्र बहुतेक वेळा ‘विश्वास’ म्हणतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा एखाद्या तत्त्वावर असू शकते, मूर्तीवर असू शकते. विश्वास आपण माणसावर टाकतो. दुकानदारावर टाकतो, शेजाऱ्यावर टाकतो, होडी चालवणाऱ्या तांडेलावर टाकतो. असा विश्वास एका दिवसात बसत नाही, व्यवहारातून बसतो. चार वेळा उधारी वेळेवर फेडली की पाचव्या वेळी कुणी विचारत नाही. देवावरच्या विश्वासाचंही असंच असेल का? हे डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर रेवदंड्याला चला.

रेवदंड्याच्या कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या वाड्यांतून मधूनच एक उंच मनोरा डोकं काढतो. लोक त्याला सातखणी म्हणतात. हा फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचा मनोरा. डोमिनिकन लोकांचं चर्चही तिथे होतं, त्याच्या भिंती उरल्या आहेत. 1521 च्या सुमारास पोर्तुगीजांनी निजामशहाच्या परवानगीने इथे कोट बांधायला घेतला आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ चौल-रेवदंडा हे त्यांचं मोठं ठाणं होतं. पैसा होता, सत्ता होती, शाळा होत्या, घंटा होत्या. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी, 1740 च्या तहानंतर, चौलही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज निघून गेले, चर्चं ओस पडली.

आता खाडीच्या पलीकडे बघा. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिणेच्या बाजूला कोर्लईचा डोंगर आहे, वर किल्ला आणि खाली गाव. हा किल्लाही पोर्तुगीजांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून लढून घेतला होता आणि चौलबरोबरच तोही गेला. पण कोर्लईतले ख्रिस्ती लोक गेले नाहीत. जाणार कुठे? ते काही पोर्तुगालहून आलेले नव्हते. इथल्याच कष्टकरी, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले हे लोक. त्यांची भातशेती इथे, घरं इथे, मेलेली माणसं इथल्याच मातीत. ते राहिले आणि आजही आहेत. गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे. रेवदंड्याची भव्य चर्चं पडली आणि समोरच्या लहानशा गावात मिस्सा चालूच राहिली. का, हा आजचा खरा प्रश्न.

सोपं उत्तर असं देतात की धर्मगुरूंनी टिकवलं. त्यात तथ्य आहे, पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू पुढेही तिथे येत राहिले. पण धर्मगुरू काही प्रत्येक घरात राहत नाही. आठवड्यातला एक तास त्याचा धरा. उरलेले तास कुणाचे?

ते घरातल्या माणसांचे. कॅथलिक घरातला दिवस कसा असतो ते बघा. जेवणाआधी क्रूसाची खूण. दिवे लागल्यावर रोझरीची जपमाळ, ती बहुधा आजीच चालवते आणि नातवंडं पेंगत पेंगत उत्तरं देतात. शुक्रवारी मांस नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळ. भाताची पहिली कणसं आली की ती आधी चर्चमध्ये न्यायची; मुंबईकडच्या ईस्ट इंडियन मंडळींत या सणाला ‘आगेरा’ म्हणतात. शेजारच्या हिंदू घरात याच दिवसांत नवान्न होत असतं. कोर्लईच्या चर्चचा कार्मेल मातेचा सण 16 जुलैला येतो, म्हणजे ऐन लावणीत. गुडघाभर चिखलातून घरी यायचं, पाय धुवायचे आणि सणाला जायचं. धर्म आणि शेत यांच्यात भिंत घालायला इथे जागाच नाही.

याच किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे खाडीकाठची बरीच भातशेती खारबांधाच्या आधाराने होते. बांधाला खांड पडली की भरतीचं पाणी शेतात येतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं धड पिकत नाही. म्हणून बांध सतत बघावा लागतो. खेकड्याने भोक पाडलं, बुजवा. माती खचली, टाका. हे काम इतकं बारीक आणि इतकं रोजचं असतं की त्याचा कुणी सत्कार करत नाही. घरातल्या प्रार्थनेचं काम मला याच जातीचं वाटतं. तिने एका दिवसात कुणी संत होत नाही. ती सुटली तर काय आत येतं, हे मात्र दोन पिढ्यांनी कळतं.

कोर्लईची आणखी एक गंमत आहे. तिथले ख्रिस्ती लोक घरात जी बोली बोलतात तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. बोलणारी माणसं फार तर हजाराच्या घरात. हे मी का सांगतोय? ही भाषा कुणी शाळेत शिकवली नाही, तिचं व्याकरण कुणाच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. चुलीपाशी, शेतात, भांडणात आणि अंगाईत ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली. विश्वासही त्याच वाटेने गेला, असं मी म्हणतो.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, कॅथलिक उपासना लॅटिनमधून लोकभाषांत आली. कोर्लईत चर्चची भाषा मराठी झाली. लक्षात घ्या, घरची बोली नव्हे, मराठी. चर्चची भाषा बदलली म्हणून विश्वास गेला का? नाही गेला. जे नुसत्या शब्दांवर उभं असतं ते शब्द बदलले की पडतं. इथे खाली हातापायांची सवय होती. मराठी प्रार्थनेचं म्हणाल तर तिची वाट या सगळ्याच्या फार आधीची आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं.

आता कुणी म्हणेल, हे तुम्ही ख्रिस्ती लोकांचंच कौतुक करताय. मग शेजारी बघू. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल समाजाचं मूळ सांगितलं जातं. जहाज फुटलं, थोडी माणसं वाचली, त्यांनी इथे तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ आला, तेव्हाची एक कथा त्यांच्यात सांगतात. हे लोक खरंच आपलेच का, हे बघायला त्याने बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढी घेतली, बाकीची बाजूला सारली. झाली परीक्षा! शास्त्रार्थ नाही, वादविवाद नाही, मासळी निवडून परीक्षा.

(इथे एक विनोद इतिहासानेच केला आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजाला शिकवलं. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांना वाटलं, जुना करार वाचतील आणि मग नव्याकडे वळतील. मंडळी हिब्रू शिकली आणि अधिक पक्की यहुदी झाली!)

म्हणजे ‘रोजच्या कामात देव’ ही काही एका धर्माची मालकी नाही. आपल्याकडे जनाबाई दळता दळता विठ्ठलाशी बोलते, सावता माळ्याला मळ्यातच पंढरी दिसते. आणि सतराव्या शतकात पॅरिसला कार्मेल संघातला एक साधा बंधू होता, ब्रदर लॉरेन्स. मठात बरीच वर्षं स्वयंपाकघराचं काम त्याच्याकडे होतं. भांड्यांच्या खडखडाटातही देव आपल्याजवळ आहे याची जाणीव ठेवायची, एवढाच त्याचा अभ्यास. कोर्लईचं चर्च ज्या कार्मेल मातेचं, त्याच नावाच्या संघातला हा माणूस. तो कधी कोर्लईला आला नाही, पण तिथल्या कुठल्याही आजीला त्याचं म्हणणं समजावून सांगावं लागलं नसतं.

इथवर सगळं गोड झालं. आता अवघड भाग.

रोजच्या जगण्यात विश्वास वाढतो, हे खरं. पण त्याच जगण्यात विश्वासाला अडवणाऱ्या गोष्टीही मुरलेल्या असतात. आपल्याकडे त्यातली सगळ्यात मोठी जात. माणूस बाप्तिस्मा घेतो, नाव बदलतो, रविवारी चर्चला जातो, आणि पाण्याचा माठ मात्र वेगळा ठेवतो. भारतातल्या ख्रिस्ती समाजाचा हा जुना आजार आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. सवय विश्वासाला जपते म्हटलं, तर सवय अविश्वासालाही जपते हेही म्हणायला हवं.

म्हणून आता किनारा सोडून घाट चढू या. कारण ही लढाई स्वयंपाकघरात कशी झाली, याचा मराठीतला सगळ्यात प्रामाणिक वृत्तांत लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवला आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक मूळचे कोकणातलेच, जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कवी माणूस, विचार झाला की पाऊल टाकलं. लक्ष्मीबाईंचं तसं नव्हतं. त्या अतिशय कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. वडील असे की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बाईच्या पायाखालची जमीनच गेली. काही वर्षं ताटातूट झाली. मग त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी त्यांचं स्वयंपाक-पाणी वेगळंच.

आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. घरातल्या माणसाचा विश्वास वाढावा असं वाटत असेल तर त्याच्या चुलीवर हल्ला करायचा नसतो. आपल्या घराघरांतले कितीतरी उत्साही सुधारक हे विसरतात.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना क्रम लक्षात ठेवा. लक्ष्मीबाईंनी आधी सिद्धान्त मानला आणि मग सोवळं सोडलं, असं झालेलं नाही. उलट झालं. आधी जातिभेद गेला. हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेत, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर. तोही शेवट नव्हे. दुष्काळातली पोरकी मुलं घरात आली, प्लेग आला, आजाऱ्यांची सेवा आली. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, अगदी साधा : याला हात लावू की नको? याच्या पंगतीला बसू की नको? या प्रश्नांना त्या जसजशा हो म्हणत गेल्या तसतसा त्यांचा विश्वास मोठा होत गेला.

मार्कच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशूचा एक लहानसा दाखला आहे. शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि पीक वाढत राहतं. कसं ते त्यालाही कळत नाही. भातशेती करणाऱ्याला हा दाखला पटकन कळतो. रोज रोप उपटून मुळं किती वाढली हे बघणारा शेतकरी उपाशी मरेल. पण आपण मुलांच्या बाबतीत नेमकं हेच करतो. ‘प्रार्थना पाठ आहे का? चर्चला गेलास का?’ नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या मुलाला फोनवर आपण हेच विचारतो. विचारायला हरकत नाही. मी मात्र आणखी एक विचारेन : तुझ्या खोलीत जेवायला कोण कोण येतं? आणि कुणाला तू बोलावत नाहीस?

शेवटी एक हकिगत सांगतो, मग प्रश्न घेऊ. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. सुमारे दहा अध्याय झाले आणि 1919 च्या मे महिन्यात ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या, एके काळी नवऱ्याच्या हातचं पाणीही न घेणाऱ्या बाईने.

हं, विचारा.