समुद्रतळाची काटेरी वस्ती

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाटा येतात, होड्या येतात, फार तर पाटीतले बांगडे नि पापलेट येतात. पण त्या पाण्याखालीही जमीन आहे. तिथे वाळू आहे, गाळ आहे, खडक आहे. आणि आपल्या शिवारात जसे चरणारे, राखण करणारे व माती खालीवर करणारे जीव असतात, तसे तिथेही आहेत. अशाच जिवांच्या एका मोठ्या गोतावळ्याची आज ओळख करून घेऊ. शास्त्रात त्यांना कंटकचर्मी म्हणतात. कंटक म्हणजे काटा, चर्म म्हणजे कातडी. काटेरी कातडीचे ते कंटकचर्मी.

कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर फिरताना वाळूत कधीकधी एक पांढरी, चपटी चकती सापडते. तिच्यावर पाच पाकळ्यांचे फूल कोरल्यासारखे दिसते. मुले ती शिंपला समजून उचलतात. पण तो शिंपला नव्हे. वाळूत राहणाऱ्या एका कंटकचर्मी प्राण्याचा तो चुन्याचा सांगाडा होय. त्यावरचे पाच पाकळ्यांचे फूल ही या साऱ्या घराण्याची खूण. आपले शरीर डावे-उजवे अशा दोन सारख्या भागांचे आहे. यांचे शरीर मधल्या बिंदूभोवती पाच भागांत मांडलेले असते. गंमत अशी की, यांची पाण्यात तरंगणारी बारीकशी पिल्ले मात्र आपल्यासारखीच डावी-उजवी असतात. पुढे वाढताना ती पंचभागी होतात.

आज यांच्या सुमारे सात हजार जाती माहीत आहेत, आणि त्यांची घराणीही पाचच. पहिला तारामासा. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. दुसरा भंगुरतारा, याचे हात सापाच्या शेपटीसारखे बारीक असतात, शत्रूने धरले की तुटतात आणि पुन्हा फुटतात. तिसरा सागरी अर्चिन. अंगभर काटे, म्हणून आपण त्याला समुद्रातले साळिंदर म्हणू. वर सांगितलेली चकती याच्याच भाऊबंदांची. चौथी समुद्रकाकडी, मऊ, लांबट, तळावर लोळत पडलेली. पाचवे समुद्रकमळ; पिसांसारखे हात पसरून पाण्यातून वाहत येणारे कण टिपणारे. किनाऱ्यावरच्या डबक्यापासून अथांग खोलीपर्यंत यांची वस्ती आहे. ‘गॅलाथिया’ या डॅनिश जहाजाने १९५१ साली फिलिपाईन्सजवळच्या गर्तेत जाळे सोडले, तेव्हा दहा हजार मीटरांहून अधिक खोलीवरून वर आलेल्या जिवांत समुद्रकाकड्याही होत्या.

हे प्राणी चालतात कसे, हे पाहण्यासारखे आहे. बागायतीत जसे पाट खेळवतात, तशा यांच्या अंगात समुद्राच्या पाण्याने भरलेल्या नळ्या खेळवलेल्या असतात. त्या नळ्यांना शेकडो लहान लहान पाय फुटलेले असतात. तारामाशाच्या प्रत्येक पायाच्या मुळाशी एक इवलासा फुगा असतो. फुगा आवळला की पाणी पायात शिरते आणि पाय लांब होतो. त्याच्या टोकाचा चिकट रस खडकाला धरून ठेवतो. मग पाय आखडतो, आणि प्राणी थोडासा पुढे सरकतो. अंगातल्या पाण्याचा खारेपणा सांभाळण्याची सोय यांच्याजवळ नाही. बाहेर जसे पाणी, तसेच आत. म्हणूनच नदीत, तळ्यात, विहिरीत यांतला एकही जीव सापडत नाही.

आता यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. रॉबर्ट पेन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ साली वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर एक साधा प्रयोग केला. एका पट्ट्यातले सगळे तारामासे तो उचलून लांब टाकू लागला. तारामाशाचे मुख्य खाणे म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या काळ्या शिंपल्या, ज्यांना कोकणात शिणाणे म्हणतात. तो शिंपला ओढून किंचित उघडतो आणि आपले पोटच बाहेर काढून त्या फटीत घालतो. खाणारा गेल्यावर शिणाणे इतके माजले की, त्यांनी बाकीच्यांना खडकावर जागाच ठेवली नाही. पंधरा जातींचे जीव होते, तिथे आठ उरले. एका राखणदाराला हलवले, आणि निम्मे गाव उठले!

पुढे हाच प्रयोग निसर्गाने फार मोठ्या प्रमाणावर केला. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांत एक रोग पसरला. हात गळून पडत, अंग विरघळून जाई. वीस-वीस हातांचा सूर्यतारा तर बहुतेक नाहीसा झाला. हा सूर्यतारा सागरी अर्चिन खातो, आणि अर्चिन समुद्रशेवाळ चरतात. त्यातच पाणीही नेहमीपेक्षा तापले. परिणामी उत्तर कॅलिफोर्नियात झाडांएवढ्या उंच शेवाळाची पाण्याखालची राने अर्चिनांनी उजाड केली. त्या रोगाचा जंतू २०२५ साली ओळखता आला. तो आपल्या पटकीच्या जंतूचाच भाऊबंद निघाला.

मग अर्चिन वाईटच म्हणायचे का? नाही. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे अर्चिन साथीने मेले, तेव्हा चरणारे कोणी न उरल्यामुळे शेवाळ माजले आणि त्याने प्रवाळांना झाकून टाकले. गुरे फार झाली तर रान बोडके होते, मुळीच नसली तर गवत माजते. तसाच हा हिशेब आहे.

समुद्रकाकडीचे काम आपल्या शेतकऱ्याला चटकन समजेल, कारण ते गांडुळाचे काम आहे. ती वाळू गिळते, तिच्यातला कुजका अंश पचवते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाच्या प्रवाळभूमीवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, एक काकडी वर्षाला सुमारे चौदा किलो वाळू अशी गाळून काढते, आणि तिथल्या साऱ्या काकड्या मिळून ६४ हजार टनांहून अधिक.

परंतु हे गांडूळ आज चोरांच्या हाती सापडले आहे. पूर्वेकडच्या देशांत वाळवलेल्या समुद्रकाकडीला फार मोठी किंमत येते. आपल्याकडे मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि लक्षद्वीप येथून तिची चोरटी निर्यात होत आली आहे. भारत सरकारने २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिला संरक्षण दिले. तिला पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. लक्षद्वीपमध्ये चेरियापाणी येथे २०२० साली खास तिच्यासाठी राखीव क्षेत्रही जाहीर झाले. तरी चोरटा माल पकडल्याच्या बातम्या येतच असतात. कायदा कागदावर असतो. राखण माणसांनी करायची असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. किनाऱ्यावर मुलांची सहल नेलीत, तर रिकामी चकती जरूर वर्गात आणा आणि मुलांना पाकळ्या मोजू द्या. ओहोटीच्या वेळी खडकाळ भागातला एखादा दगड उलटून पाहा. खाली भंगुरतारा वळवळताना दिसेल. पाहून झाले की दगड होता तसाच पुन्हा ठेवा, आणि जिवंत प्राणी असेल तिथेच राहू द्या. बांधावरचे गांडूळ ओळखणारी मुले समुद्रातले गांडूळही ओळखू लागली, तर उद्या त्याची राखण करायला माणसे कमी पडणार नाहीत.