पेठेचा संघ, पेठेची मर्यादा : कोल्हापूरच्या फुटबॉलनिष्ठेचा मागोवा

महाराष्ट्रातील क्रीडानिष्ठेचा विचार क्रिकेटपासून सुरू करण्याची सवय अभ्यासकांना जडली असली, तरी क्रिकेटची निष्ठा बहुतांशी पडद्यावरून घरात आलेली असल्यामुळे ती खेळाडूसोबत बदलते आणि लिलावात संघ बदलला की तिचा रंगही बदलतो; उलट ज्या निष्ठेत माणूस जन्माला येतो, जी त्याला घराच्या पत्त्याबरोबरच मिळते आणि जिचा त्याग ही जवळजवळ फितुरी समजली जाते, अशी निष्ठा या राज्यात एकाच शहराच्या एकाच खेळात ठळकपणे आढळते, आणि ते शहर कोल्हापूर व तो खेळ फुटबॉल होय. येथील संघ उद्योगपतींच्या वा कंपन्यांच्या मालकीचे नाहीत आणि महाविद्यालयांचेही नाहीत. ते तालमींचे आहेत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, लाल मातीचा हौदा आणि वस्तादाचा दरारा. परंतु कोल्हापुरात ‘तालीम मंडळ’ हा शब्द आखाड्यापुरता न उरता पेठेतील तरुणांच्या संघटनेला लागू झाला, आणि गणपती बसवणे, शिवजयंतीची मिरवणूक काढणे, पुरात माणसे हलवणे व फुटबॉलचा संघ उतरवणे ही सर्व कामे एकच मंडळ करू लागले.

या रचनेची मुळे संस्थानी काळात आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) तालमींना दिलेला आश्रय आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान यांमुळे पेठेचा मल्ल हा पेठेचा मानबिंदू ठरण्याची रीत आधीच पक्की झाली होती. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मैदानी सांघिक खेळांना बळ मिळाले आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आजच्या बोलीतील ‘केएसए’, स्थापन झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राजाराम महाराजांचे निधन झाले, पुढे नऊ वर्षांनी संस्थानही विलीन झाले, तरीही संघटना टिकली, कारण तिचा खरा आधार दरबारात नसून पेठांत होता. कुस्तीत दोन पेठांचा हिशेब दोन मल्ल चुकता करीत. फुटबॉलने तोच हिशेब अकरा जणांवर सोपवला आणि उरलेल्या पेठेला कठड्यावर बसून त्यात भाग घेण्याची सोय करून दिली. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींनी कुस्तीचे नाव राखले, तर इतर अनेक तालमींच्या नावाचा अर्थ नव्या पिढीसाठी फुटबॉलचा संघ एवढाच उरला.

संघांची नावेच या भूगोलाची साक्ष देतात. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ, जे सर्वत्र ‘पीटीएम’ म्हणून ओळखले जाते, आणि बालगोपाल तालीम मंडळ. शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ आणि संध्यामठ तरुण मंडळ. रविवार पेठेतील दिलबहार तालीम मंडळ. जुन्या बुधवार पेठेची तालीम. यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लब आणि शहराच्या पश्चिमेकडील फुलेवाडीचे क्रीडा मंडळ, अशी ही यादी आहे. हंगाम पावसाळा संपून जमीन आवळली की सुरू होतो, प्रथम केएसएची वरिष्ठ गट साखळी स्पर्धा होते, म्हणजे प्रत्येक संघ ठरलेल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांशी खेळून गुण मिळवतो, आणि त्यानंतर उन्हाळाभर निरनिराळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा चालतात, ज्यांत एक पराभव झाला की संघाचा गाशा गुंडाळला जातो. गुणतक्त्याच्या दृष्टीने साखळी स्पर्धा श्रेष्ठ ठरावी, परंतु प्रेक्षकांचा कल बाद फेरीकडे अधिक दिसतो. कारण पेठेला वर्षभराच्या सातत्यापेक्षा एका संध्याकाळचा निकाल अधिक प्रिय असतो. याच कारणाने येथे सामन्यानंतर ‘सामनावीर’ या पुरस्काराबरोबर ‘लढवय्या खेळाडू’ असाही एक पुरस्कार दिला जातो आणि तो पराभूत संघातील खेळाडूच्याही वाट्याला येऊ शकतो. हरला तरी झुंजला, ही कुस्तीच्या आखाड्यातील दाद फुटबॉलने जशीच्या तशी उचलली आहे, आणि या खेळाच्या स्थानिक वळणाची इतकी नेमकी खूण दुसरी सापडणार नाही.

निष्ठावान प्रेक्षकाची मते या रचनेतूनच घडतात आणि म्हणून ती वरवर हटवादी वाटली तरी त्यांना एक आंतरिक शिस्त आहे. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ हे वैर त्याच्या लेखी सर्वांत थोर असते, मग त्या वर्षी जेतेपद कोणाकडेही जावो. एकाच पेठेतील दोन मंडळांची चुरस तो घरातले भांडण समजतो, जे बोचते अधिक परंतु बाहेर सांगितले जात नाही. आणि उपनगरातील संघाने जुन्या पेठेला हरवले तर तो मैदानाला किंवा पंचाला दोष देतो, कारण उपनगराला परंपरा असते हेच त्याला मान्य नसते. हंगामापूर्वीच्या खेळाडू नोंदणीच्या दिवसांत, म्हणजे कोणता खेळाडू कोणत्या मंडळाकडून खेळणार हे कागदावर येते त्या काळात, या प्रेक्षकाची मते सर्वाधिक तिखट असतात. खेळाडू ‘फोडला’ गेला असे तो म्हणतो, हे क्रियापद राजकारणातून आले आहे आणि त्यात खेळाडूच्या स्वतःच्या इच्छेला जागाच ठेवलेली नाही. वास्तविक कष्टकरी घरातला विशीतला खेळाडू चार पैसे अधिक मिळतात म्हणून पलीकडच्या पेठेत गेला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या निष्ठेचे माप घेण्यासाठी तुलना युरोपातील व्यावसायिक क्लबांशी न करता अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलशी करणे अधिक उपयुक्त ठरते. तो खेळ वेगळा आहे, त्यात अंडाकृती चेंडू प्रामुख्याने हातात घेऊन पळवला वा फेकला जातो. परंतु त्याची सामाजिक घडण कोल्हापूरशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. या परंपरेचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन शेजारी संस्थांत न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे झाला. तेथेही निष्ठा गावाची व घराण्याची असते, विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात आणि प्रेक्षक मात्र जन्मभर राहतो; मिशिगन विद्यापीठाचे मैदान एक लाखाहून अधिक माणसे सामावून घेते आणि ओहायो स्टेटविरुद्धचा वार्षिक सामना हरलेला संघ बाकी सर्व सामने जिंकूनही दुःखात हिवाळा काढतो.

फरक पडतो तो प्रशिक्षकाच्या बाबतीत, आणि प्रस्तुत मागोव्यातील मुख्य मुद्दा तोच आहे. अमेरिकेत बहुसंख्य राज्यांत सार्वजनिक तिजोरीशी निगडित सर्वाधिक वेतन राज्यपालाला नव्हे, तर एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला मिळते. हे प्रमाण विकृत आहे असे म्हणता येईल, पण त्यामागे एक समजूत आहे : संघ ही प्रशिक्षकाची दीर्घकालीन रचना असते. वूडी हेज हे १९५१ पासून १९७८ पर्यंत ओहायो स्टेटचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले बो शेम्बेक्लर १९६९ साली मिशिगनला गेले. त्यानंतरच्या दहा सामन्यांत शिष्याने पाच जिंकले, गुरूने चार आणि एक बरोबरीत सुटला. त्या दशकाला अमेरिकन प्रेक्षक आजही युद्धाच्या नावाने ओळखतात, तरीही त्या वैरातून दोन्ही बाजूंना खेळाची पद्धत, सरावाची शिस्त आणि पुढच्या पिढीचे प्रशिक्षक मिळाले. हेज यांची कारकीर्द संपली ती प्रतिस्पर्धी संघातील खेळाडूला सामन्यात ठोसा मारल्यामुळे; अठ्ठावीस हंगामांच्या कर्तृत्वानेही ते वाचले नाहीत.

कोल्हापुरात याच्या उलट चित्र दिसते. प्रशिक्षक बहुधा मंडळाचाच निवृत्त खेळाडू असतो, त्याच्या मागे पेठेतील ज्येष्ठांचे सल्ले, कार्यकर्त्यांचा आग्रह आणि कठड्यावरून येणाऱ्या सूचना असतात, आणि दोन सामने हरले की त्याची निवड चूक ठरते. आखाड्यात वस्तादाच्या शब्दाबाहेर जाण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती. फुटबॉलने तालमीकडून ईर्षा, दाद, मिरवणूक आणि अभिमान घेतला, वस्तादाचा अधिकार मात्र घेतला नाही. ही उणीव झाकण्यासाठी गेल्या काही वर्षांत बाहेरचे, विशेषतः नायजेरियन, खेळाडू आणण्याची प्रथा रूढ झाली. त्यांच्यामुळे खेळाचा वेग आणि शरीरबळ वाढले हे खरे, परंतु आघाडीच्या जागी तयार माणूस बसवल्यामुळे पेठेतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ती जागा शिकण्याची संधीच उरली नाही. एका सामन्याचा निकाल हाच हिशेबाचा घटक मानला की असे निर्णय शहाणपणाचे भासतात.

मराठवाड्यातल्या अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या वसाहतीतील वाचकाला हे सारे परके वाटण्याचा संभव आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या जागेला जुन्या पेठा नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांची शेजारवैरे नाहीत. तेथील एकत्र येण्याचे निमित्त गळीत हंगाम, म्हणजे उसाचे गाळप चालते ते महिने, हे असते आणि त्या काळात माणसे कामात बुडालेली असतात. मराठवाड्यात महाविद्यालये पुष्कळ आहेत, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही होतात, परंतु त्यांचा प्रेक्षक राखीव खेळाडू आणि क्रीडाशिक्षक यांच्यापलीकडे क्वचितच जातो. महाविद्यालयाचे नाव गावाने आपले मानलेले नसते. मैदाने आणि मुले दोन्हीकडे आहेत. कोल्हापूरला अधिकचे मिळाले ते एवढेच की संघाचे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याला स्वतःचा दारवठा आठवतो. आता कोल्हापूरचे सामने भ्रमणध्वनीवर थेट दिसू लागल्यामुळे सुमारे चारशे किलोमीटरवरचा माणूसही ते पाहू शकतो. पण पाहणे आणि पक्ष घेणे यांत अंतर राहते.

पक्ष घेण्याची किंमतही कोल्हापूरने मोजली आहे. छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे समर्थक वेगवेगळ्या बाजूंना बसतात, तरी शिवीगाळ, बाटल्या व दगड फेकणे आणि सामना सुटल्यावर रस्त्यात हाणामारी असे प्रकार वेळोवेळी घडले, पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागला आणि हंगामात खंड पडण्याचे प्रसंगही आले. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांतील दंगलीमुळे सोळा जणांचे प्राण गेले. त्या घटनेची आठवण ठेवली तर कोल्हापूरच्या हुल्लडबाजीला ‘रांगडेपणा’ म्हणून पाठीशी घालण्याची सवय सुटेल. गंमत अशी की याच पेठा विश्वचषकाच्या वर्षी आपापसांतले वैर बाजूला ठेवून ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन तटांत विभागल्या जातात. २०२२ साली चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे उंच कटआउट उभे राहिले आणि १८ डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिना जिंकताच रस्त्यांवर जो जल्लोष झाला तो गणपती विसर्जनाच्या तोडीचा होता. हजारो मैलांवरच्या देशासाठी इतका जीव टाकणाऱ्या शहराला स्वतःच्या नावाचा एक पुरुष संघ राष्ट्रीय पातळीवर दीर्घकाळ उभा करता आला नाही, ही विसंगती निष्ठावान प्रेक्षकाला फारशी टोचत नाही, कारण ‘कोल्हापूर’ या संघासाठी ओरडण्याची सवय त्याच्या घशाला नाही.

पेठेच्या या चौकटीला दोन बोलके अपवाद आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघाच्या आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. भारताचे तीनही सामने गेले, तरी फिफाच्या विश्वचषकस्तरावरील स्पर्धेत उतरलेला तो पहिला भारतीय फुटबॉल संघ होता. रिक्षाचालकाच्या घरातील हा मुलगा घडला तो पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी प्रशिक्षण व्यवस्थेत, आणि पुढे व्यावसायिक संघांच्या अकादमीत. कोल्हापूरने त्याला खेळाची ओढ दिली, शिक्षण त्याला बाहेर घ्यावे लागले. दुसरा अपवाद महिलांचा आहे. इंडियन वुमेन्स लीग या राष्ट्रीय स्पर्धेत एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला आणि त्याच्या छातीवर कोणत्याही पेठेचे नाव नव्हते. तालमीच्या परंपरेने मुलींना आपले मानलेच नव्हते. त्यामुळे त्यांचा संघ पेठेच्या ओझ्यातूनही मोकळा राहिला आणि पुरुषांना ऐंशी वर्षांत जे साधले नाही ते शहराचे नाव त्यांनी धारण केले. त्यांच्या सामन्यांना पेठेची गर्दी लाभली नाही, हेही तितकेच खरे.

पेठेची निष्ठा मोडून काढावी असा याचा अर्थ घेण्याचे कारण नाही. ती नसती तर कोल्हापूरचे मैदानही राज्यातील इतर शहरांच्या मैदानांसारखे रिकामे राहिले असते. दुरुस्ती हवी ती मंडळांच्या बैठकीत. पुढील नोंदणीच्या वेळी प्रत्येक तालीम मंडळाने आपल्या प्रशिक्षकाची नेमणूक किमान तीन हंगामांसाठी लेखी करावी, संघनिवडीचा अधिकार त्याच्याकडेच ठेवावा आणि शेजारच्या पेठेकडून झालेल्या एका पराभवासाठी त्याला घरी पाठवू नये.