द्रव हीलियमची पातळी आणि अतिसंवाहक तार

जुळे सोलापुरातील गृहस्थास गच्चीवरील टाकीत पाणी किती उरले हे जाणावयाचे असेल, तर झाकण उघडून डोकावणे पुरते. एम. आर. आय. यंत्राचे चुंबक ज्या द्रव हीलियममध्ये बुडविलेले असते, त्याच्या बाबतीत ही सोय नाही. हा द्रव 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसला उकळतो. एका वॅटची उष्णता सतत मिळाली, तरी तासास सुमारे 1.4 लिटर द्रव उडून जातो. तरंगता गोळा सोडावा, तर द्रवाची घनता पाण्याच्या केवळ अष्टमांश. आणि मोजल्यावाचून तर चालतच नाही. पातळी फार उतरली की चुंबकाची अतिसंवाहकता नष्ट होते, त्यातील ऊर्जा उष्णतेत पालटते व उरलेला हीलियम पाहता पाहता वायुरूप होतो.

यास्तव पात्रात नायोबियम-टिटॅनियम या मिश्रधातूची बारीक तार उभी सोडतात. सुमारे 9 केल्विनच्या खाली तिचा विद्युत् रोध शून्य होतो. बुडालेला भाग रोधहीन आणि वरचा रोधयुक्त, इतके हे सोपे वाटेल. परंतु द्रवालगतचा वायूही बहुधा 9 केल्विनहून थंड असतो, आणि तेथेही तार अतिसंवाहकच राहील. म्हणून तारेचे वरचे टोक मुद्दाम किंचित तापवितात. तेथे रोध उत्पन्न होतो, प्रवाहाने तो भाग तापतो व शेजारच्या भागास तापवितो. ही उष्णता खाली सरकत द्रवाच्या पृष्ठाशी येऊन थबकते, कारण द्रव ती वायूपेक्षा फार त्वरेने शोषून घेतो. मग तारेवरील विद्युत् दाब मोजला की कोरड्या भागाची लांबी कळते. ‘पातळीमापक’ हे नाव रूढ असले, तरी वस्तुतः हे उपकरण द्रव मोजीत नाही, द्रवाचा अभाव मोजते.

यात एक खोच आहे. प्रचलित तारेचा रोध दर सेंटीमीटरला सुमारे 4.5 ओहम आणि प्रवाह 75 मिलिअँपिअर धरल्यास, 40 सेंटीमीटर कोरडी तार एक वॅट उष्णता देते. म्हणजे मोजणाराच द्रव उडवू लागतो. म्हणून प्रवाह क्षणभर सोडून वाचन घेतात आणि लगेच तोडतात. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 2007 साली पूर्ण झालेल्या अतिसंवाहक कणवेगवर्धकासारख्या ठिकाणी, जेथे तांब्यावरील शिशाचा मुलामा 7.2 केल्विनच्या खाली राखावा लागतो, तेथे अशी काटकसर क्षुल्लक नव्हे.

द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो. तेथे ही तार निरुपयोगी. द्रव हायड्रोजनसाठी मात्र मॅग्नेशियम डायबोराइड उपयोगी पडते. त्याची अतिसंवाहकता 2001 साली उघडकीस आली आणि ती 39 केल्विनपर्यंत टिकते.