आकार स्मरणारा धातू आणि भग्नचिकित्सेतील पीडन

मुंबई–नाशिक महामार्ग, कसाऱ्याची लोकल आणि पावसाळ्यातील शेताचे निसरडे बांध यांमुळे शहापूर-मुरबाड भागातील चिकित्सकांस अस्थिभग्नाचे रुग्ण नवे नाहीत. मोठी शस्त्रक्रिया बहुधा ठाणे-मुंबईस होते. त्यानंतरचे दोन-तीन महिने मात्र रुग्ण भातसा नदीकाठच्या सापगावसारख्या गावी आपल्या घरी असतो आणि शंका विचारावयास आपल्याकडेच येतो. आत बसविलेला धातू उष्णतेने आकार बदलणारा आहे असे त्यास कोणी सांगितले असेल, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, मग शेक घेतला तर तो आत वाकणार नाही ना?"

या धातूचे नाव नितिनॉल. वजनाने सुमारे ५५ टक्के निकेल व उरलेले टायटॅनियम. १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी त्यावर काम सुरू केले. थंड असताना वाकवावा, ऊब मिळताच त्याने मूळ आकार धारण करावा, हा त्याचा गुण. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच कुळातील, लोह मिसळलेल्या मिश्रधातूची जोडकडी 'तेजस' विमानाच्या नळ्यांसाठी विकसित केली. नळी जोडणारे हे आकुंचन अस्थी जोडण्यासही उपयोगी पडते.

पाऊल, हात वा गुडघ्याची वाटी अशा ठिकाणी इंग्रजी 'यू'च्या आकाराचा स्टेपल वापरतात. एका प्रकारात तो बर्फासारख्या थंड द्रवात ठेवून त्याचे पाय सरळ करतात. अस्थीत बसविल्यावर शरीराच्या उष्णतेने वा कोमट सलाईनने ते आत वळू पाहतात. दुसऱ्या प्रकारात उपकरणाने ताणून धरलेला स्टेपल सोडताच आवळतो. भग्नरेषेवरील अस्थी आरंभी किंचित झिजते. तेवढ्यानेही साध्या स्क्रूचा दाब घटू शकतो. नितिनॉलचा स्टेपल मात्र त्या झिजेमागोमाग आवळत राहतो. शिवाय पोलाद हे अस्थीच्या सुमारे दहापट ताठ असते. नितिनॉल त्या मानाने बरेच लवचीक. अर्थात मांडी-नडगीच्या मोठ्या भग्नास आजही प्लेट किंवा नेलच लागते, हेही सांगितले पाहिजे.

सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आञ्छन, पीडन व बंधन सांगितले. बंध शिथिल राहिला तर संधी स्थिर होत नाही, गाढ झाला तर शोफ, वेदना व पाक होतो, म्हणून तो साधारण असावा. शीत ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच, उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावा. दाब योग्य राखण्यासाठी वैद्याने पुनःपुन्हा हात लावावा, ही त्यामागील दृष्टी. स्टेपलमध्ये तो दाब धातूतच भरलेला असतो. सुश्रुतांना नितिनॉल ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने संहितेचा मान वाढत नाही.

आता शेकाचा प्रश्न. बसविलेला स्टेपल शरीराच्या तापमानास आपला आकार घेऊ पाहतच असतो. घरगुती शेकाने तो सैल पडत नाही. तरीही ताज्या व्रणावर, शोफावर स्वेदन नको, आणि भग्नस्थानी मर्दन तर नकोच. शॉर्टवेव्ह डायथर्मी धातूवर सर्वथा वर्ज्य, कारण धातू तापून आतील मांस भाजू शकते. वाढती वेदना, स्राव, ज्वर वा बधिरता दिसल्यास क्ष-किरण तपासणीसाठी रुग्णास तत्काळ मूळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. औषधालय चालविणाऱ्यांनी कांडवेल किंवा लाक्षा गुग्गुळ देताना हे शस्त्रक्रियेस वा पुनर्तपासणीस पर्याय नाहीत, हे तोंडी सांगावे; पुडीवर छापलेले कोणी वाचत नाही.

आमच्या मते आपला खरा उपयोग शस्त्रक्रियेपूर्वी आहे. नितिनॉलच्या पृष्ठावर टायटॅनियम ऑक्साइडचा थर निकेलला बराच अडवून धरतो. पण तो घासला गेला तर निकेल बाहेर पडू शकते. नकली दागिन्याने किंवा पट्ट्याच्या बक्कलने त्वचेस कंडू, पुरळ येते का, हे घराण्याच्या वैद्यास ठाऊक असते. अपघात विभागात ते कोणी विचारीलच असे नाही. पाठविताना चिठ्ठीत ती एक ओळ लिहावी. इम्प्लांटच्या पोलादातही निकेल असते, म्हणून अशा रुग्णासाठी निकेलविरहित टायटॅनियमचा विचार करण्यास शल्यचिकित्सकास वेळ मिळतो.