मागचं सस्पेन्शन: बोल्ट हवेत आवळला, तर कमाईही हवेत

ऑक्टाव्हिया आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये वर्षानुवर्षं असेम्बल झाली, त्यामुळे ही गाडी आपल्याला घरचीच वाटते. आज तिच्या 2017 च्या आरएसबद्दल बोलू. 230 पीएसची, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन. अशी गाडी लोअरिंग स्प्रिंग टाकायला दारात आली की आनंद होतो. पण हेच काम खिसा रिकामाही करतं. कसं, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

अशा पहिल्या कामात मी गाडी टू-पोस्ट रॅम्पवर घेतली, चाकं लटकलेली असतानाच सगळे बोल्ट फुल टाइट केले आणि गाडी दिली. काही आठवड्यांत ग्राहक परत आला. मागून कुरकुर, आणि बुशचं रबर फाटलेलं. नवे बुश, पुन्हा मजुरी, पुन्हा अलाइनमेंट, सगळं माझ्या खिशातून.

कारण साधं आहे. आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या धातूला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतला भाग तिथेच पकडला जातो. लटकलेल्या स्थितीत आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. मग ते फाटणारच.

आता योग्य क्रम बघा.

1. काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा. चारही चाकांच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप लिहा, फोटो काढा.

2. ऑटो लेव्हल हेडलाइट असेल, तर मागच्या आर्मवरच्या सेन्सरचा दांडा आधी सोडवा. विसरलात तर तो तुटतो.

3. या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, खालच्या आर्मवर बसते. दाबलेल्या स्प्रिंगशी खेळ नको, कॉम्प्रेसर वापराच. खालची-वरची रबरी गादी नीट बसली का, ते बघा.

4. बोल्ट आधी फक्त हाताने बसवा. मग गाडी पिटवर किंवा फोर-पोस्ट रॅम्पवर चाकांवर उभी करा, थोडी दाबून सोडा, आणि तेव्हाच टॉर्क रेंचने आवळा. आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. जिथे मॅन्युअल नवा बोल्ट सांगतं, तिथे जुना वापरू नका.

5. गाडी खाली बसली की मागचा निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, टोही बदलतो. आतल्या बाजूने टायर खाल्ला जातो, आणि बिघडलेला टो तर त्याला फार लवकर संपवतो. म्हणून अलाइनमेंट मागून सुरू करा: आधी कॅम्बर, मग टो, मग पुढची चाकं. शेवटी हेडलाइटची उंची तपासा.

आता धंद्याची गोष्ट. कोटेशन देताना फक्त "स्प्रिंग बसवणे" लिहू नका. नवे बोल्ट, अलाइनमेंट आणि 500 किलोमीटरनंतरची तपासणी, तिन्ही वेगळ्या ओळीत लिहा. बदलाचा वॉरंटी आणि विम्यावर परिणाम होऊ शकतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, हेही आधीच सांगा. काही ग्राहक महाग म्हणून निघून जातील. जाऊ द्या. राहतील ते विश्वासावर राहतील, आणि तुमच्या खिशातून बुश घ्यायची वेळ येणार नाही.

तुमच्या गॅरेजमध्ये शेवटचा बोल्ट कुठे आवळला जातो, हवेत की जमिनीवर? उद्या सकाळी आधी तेवढं बघा.