विश्लेषण : महिलांचा स्नोबोर्ड वेगळा का असतो? निवडताना उंची पाहावी की वजन?

थंडीचा मोसम सुरू झाला की काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि मनालीजवळच्या सोलंग खोऱ्याकडे पर्यटकांची पावले वळतात. नुसता बर्फ पाहून परतण्याऐवजी आठवडाभर मुक्काम करून स्नोबोर्डिंग शिकणाऱ्यांमध्ये तरुणीही असतात. त्यांच्यापुढची पहिली अडचण उतारावर नव्हे, तर साहित्याच्या दुकानात उभी राहते. ‘लेडीज बोर्ड’ म्हणून हाती दिलेली फळी आपल्या योग्य आहे का, हे ओळखायचे कसे? निवड चुकली तर पैसे वाया जातातच, शिवाय वारंवार पडून दुखापत होण्याची आणि दोन दिवसांत खेळच सोडून देण्याची वेळ येऊ शकते.

महिलांचे बोर्ड कधी आले?

या खेळाची सुरुवातच मुलींसाठी केलेल्या एका खेळण्यातून झाली. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकांना जोडल्या. त्यातून ‘स्नर्फर’ तयार झाला. पुढे स्नोबोर्ड विकसित झाला, पण बाजारातील बोर्ड प्रामुख्याने पुरुषांच्या मापाचेच राहिले. महिलांनी त्यातलाच आखूड बोर्ड घ्यायचा, अशी रीत होती. १९९०च्या दशकात टीना बासिच, शॅनन डन यांसारख्या खेळाडूंच्या नावाचे बोर्ड आले आणि चित्र बदलू लागले. १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथे स्नोबोर्डिंगचा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत समावेश झाला. डन यांनी तिथे हाफपाइप प्रकारात कांस्यपदक मिळवले.

फरक फक्त रंगाचा की रचनेचा?

चांगल्या कंपनीच्या महिला बोर्डमध्ये तीन गोष्टी वेगळ्या असतात. तो तुलनेने आखूड असतो, मधल्या भागात म्हणजे कमरेत अरुंद असतो आणि कमी वजनाच्या व्यक्तीला वाकवता येईल इतका लवचीक असतो. यामागचे गणित सोपे आहे. बोर्ड वळतो तो कडेवर भार दिल्यामुळे. वजन कमी आणि फळी कडक असेल तर ती वाकत नाही. वाकली नाही तर वळणही घेत नाही. पावले लहान आणि फळी रुंद असेल तर टाचेकडच्या कडेवरून चवड्याकडच्या कडेवर जायला जास्त जोर लागतो आणि पाय लवकर थकतात. म्हणूनच ‘महिलांचा’ हा शिक्का महत्त्वाचा नाही, वजन आणि पावलाचे माप महत्त्वाचे. मोठ्या पावलाच्या उंच महिलेला पुरुषांचा बोर्ड सोयीचा ठरू शकतो, तसाच सडपातळ पुरुषाला महिलांचा.

लांबी कशी ठरवावी?

बोर्ड उभा धरल्यावर टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावे, असा जुना ठोकताळा आहे. अंदाजासाठी तो ठीक, पण निर्णय वजनावर घ्यावा. प्रत्येक कंपनी बोर्डच्या लांबीसोबत वजनाची मर्यादा देते. ५० ते ५५ किलो वजनाच्या नवशिक्या महिलेला साधारण १४० सेंटीमीटरच्या आसपासचा बोर्ड पुरतो. त्याहून बराच लांब घेतला तर वळवणे कठीण जाते. फारच आखूड घेतला तर वेगात थरथरतो. उंची कमी म्हणून लहान मुलांचा बोर्ड घेण्याचा मोह टाळावा. तो मुलांच्या वजनासाठी मऊ बनवलेला असतो आणि प्रौढ व्यक्तीच्या भाराखाली गरजेपेक्षा जास्त वाकतो.

कमरेची रुंदी का मोजावी?

दुकानात याच मापाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. महिलांच्या बहुतेक बोर्डांची कंबर २३ ते २५ सेंटीमीटर असते. बाइंडिंग जिथे बसते तिथे अनवाणी पाऊल आडवे ठेवून पाहावे. टाच आणि बोटे साधारण दोन्ही कडांपर्यंत पोहोचली तर रुंदी योग्य. बूट घातल्यावर दोन्ही बाजूंनी एक-दोन सेंटीमीटर बाहेर आले तरी चालते. त्याहून जास्त आले तर तीव्र वळणावर बुटाचे टोक बर्फात घासते, कड सुटते आणि काही कळायच्या आत खेळाडू आपटतो.

नवशिक्यांसाठी कोणता आकार?

बाजूने पाहिल्यास बोर्डचे मुख्य प्रकार दिसतात. मध्यभागी कमानीसारखा उचललेला कॅम्बर कडेवर घट्ट पकड देतो, पण चूक पोटात घालत नाही. टोकांकडे वर वळलेला रॉकर सैल आणि क्षमाशील असतो, मात्र कडक बर्फावर त्याची पकड कमी पडते. सपाट किंवा दोन्हींचा मेळ घातलेला हायब्रिड नवख्यांना सोयीचा. लवचीकता बहुधा १ ते १० अशा आकड्यांत लिहिलेली असते. सुरुवातीला २ ते ४ पुरे. मात्र हे मोजमाप सर्व कंपन्यांचे सारखे नसते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

गुलमर्ग भुसभुशीत ताज्या बर्फासाठी, म्हणजे पावडरसाठी प्रसिद्ध आहे. म्हणून अनेक जण रुंद टोकाचा पावडर बोर्ड मागतात. पण गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरील अफरवटचे उतार हिमस्खलनाचा धोका असलेले आहेत आणि ते अनुभवी खेळाडूंसाठीच आहेत. शिकणाऱ्यांचे दिवस खालच्या सौम्य उतारांवर जातात. तिथे दोन्ही टोके सारखी असलेला साधा बोर्डच कामाचा.

आधी बोर्ड की बूट?

आधी बूट. बोटे बुटाच्या पुढच्या भागाला हलकेच टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे यावीत आणि टाच जागची उचलली जाऊ नये. महिलांच्या पोटरीचा स्नायू तुलनेने खाली असतो, म्हणून त्यांच्या बुटाची वरची कड वेगळ्या घडणीची असते. जाड मोज्यांच्या दोन जोड्या घालून सैल बूट भरून काढण्याची युक्ती उलटते, कारण पाय आत सरकतो आणि बोर्डवरचा ताबा जातो. बाइंडिंग बुटाच्या मापाचे घ्यावे. स्कीप्रमाणे पडल्यावर ते आपोआप सुटत नाही, दोन्ही पाय फळीला जखडलेलेच राहतात. पडताना हात टेकला जातो, म्हणून नवशिक्यांमध्ये मनगटाच्या दुखापती सर्वाधिक दिसतात. हेल्मेट आणि मनगटरक्षक यांचा खर्च बोर्डच्या खर्चातच धरावा.

विकत घ्यावा की भाड्याने?

पहिल्या मोसमात भाड्यानेच. चार दिवसांत आपला कोणता पाय पुढे राहतो, किती लांबीचा बोर्ड झेपतो, हे कळते. भाड्याचा बोर्ड घेताना कडेवरून नख फिरवून ती बोथट किंवा तुटलेली नाही ना, तळाला खोल चरे नाहीत ना आणि बाइंडिंगचे पट्टे धड आहेत ना, हे तपासावे. मोसमात लहान मापांचे बूट सर्वच दुकानांत मिळतील असे नाही, त्यामुळे वजन आणि पावलाची सेंटीमीटरमधील लांबी आधीच कळवून ठेवलेली बरी. खेळात रमल्यावर पहिली खरेदी बुटांची करावी. बोर्ड भाड्याचा चालतो. दुसऱ्याच्या पायाने सैल झालेला बूट मात्र चालत नाही.